आईच्या नावाची शिष्यवृत्ती, गावची शाळा आणि कम्युनिटी फाउंडेशन

प्रश्न: आम्ही दोघं क्लीव्हलँडजवळ सोलनला राहतो. मी ७३ वर्षांचा, पत्नी ६९ची. घराचं कर्ज फिटलंय, मुलं सिअ‍ॅटलला आपापल्या संसारात आहेत. आईच्या नावानं एक लाख डॉलर इथल्या समाजासाठी ठेवायचं मनात आहे. तीन कामं डोळ्यांसमोर आहेत: इथल्या मराठी मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती, फूड बँकेला दरवर्षी मदत आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत वाचनालय. शेजारी सांगतात, क्लीव्हलँड फाउंडेशनमध्ये डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंड, म्हणजे आपण सुचवू त्या संस्थांना पैसे देणारा निधी, उघडा, सगळं एका जागी होईल. मुलगा म्हणतो, स्वतःचंच फाउंडेशन काढा. २५,००० डॉलरना घेतलेले शेअर आज एक लाखाचे झालेत, ते द्यावेत असा विचार आहे. आयआरए या निवृत्तीच्या खात्यात साडेसहा लाख आहेत, त्यातून यंदापासून सक्तीनं पैसे काढावे लागणार. तो आकडा धरून वर्षाचं उत्पन्न १,७०,०००च्या आसपास जातं. काय करावं?

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुमची तिन्ही कामं चांगली आहेत, पण तिन्हींचे पैसे एका पिशवीत घालू नका. शिष्यवृत्तीसाठी क्लीव्हलँड फाउंडेशनसारखं कम्युनिटी फाउंडेशन ही योग्य जागा आहे. मात्र तिथे डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंड उघडू नका, आणि शेअरही देऊ नका. फूड बँकेला मध्ये कुणाची गरज नाही, तिला थेट द्या. गावच्या शाळेची वाट या संस्थेतून जात नाही. ती वेगळी आणि थोडी अवघड आहे. स्वतःचं फाउंडेशन एक लाखासाठी काढणं परवडणारं नाही: दरवर्षी ९९०-पीएफ हे स्वतंत्र विवरणपत्र, गुंतवणुकीच्या उत्पन्नावर १.३९ टक्के कर, दरवर्षी साधारण ५ टक्के वाटण्याची सक्ती, आणि हिशेबनिसाची फी वेगळी. काही दशलक्ष डॉलर असतील तरच त्याचा विचार करावा.

कम्युनिटी फाउंडेशन ही एका ठरावीक भूभागाची कायमची थैली. शेकडो कुटुंबांचे छोटे-मोठे निधी एकत्र गुंतवले जातात, प्रत्येकाचा हिशेब वेगळा राहतो, आणि दरवर्षी त्यातला ठरलेला हिस्सा त्या भूभागातल्या संस्थांना व विद्यार्थ्यांना जातो. ही कल्पना जन्मली ती तुमच्याच शहरात. १९१४मध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकरनं क्लीव्हलँड फाउंडेशन सुरू केलं. आज अमेरिकेत अशा सुमारे ९०० संस्था आहेत. गॉफ हे क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनीचे अध्यक्ष होते. माणूस मेल्यावर त्याच्या मृत्युपत्रातल्या अटी पुढच्या पिढ्यांचे हात कसे बांधून ठेवतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. कुणी ज्या कामासाठी पैसे ठेवले ते कामच उरत नाही, आणि पैसे मात्र कोर्टकचेरीत अडकून पडतात. म्हणून त्यांनी मंडळाला एक अधिकार दिला: मूळ हेतू निरुपयोगी किंवा अशक्य झाला, तर कोर्टात न जाता निधी त्याच्या जवळच्या कामाकडे वळवता येईल. आजच्या प्रत्येक कम्युनिटी फाउंडेशनच्या करारात हे कलम असतं. ते वाचून घाबरू नका. तुमच्या पश्चात पन्नास वर्षांनी आईच्या नावाचे पैसे वाया जाऊ नयेत, याची हमी तेच कलम देतं.

क्लीव्हलँड फाउंडेशनचं क्षेत्र कायहोगा, लेक आणि जिऑगा या तीन काउंट्यांचं. सोलन कायहोगात येतं, तेव्हा तुमची संस्था तीच. (अ‍ॅक्रनच्या बाजूला, समिट काउंटीत, वेगळी संस्था आहे; लोरेन काउंटीतही वेगळी. हे वाचणाऱ्या इतरांनी आपली काउंटी आधी तपासावी.) सुरुवातीच्या वर्षांत या संस्थेनं शहरातल्या शाळांची आणि पुढे फौजदारी न्यायव्यवस्थेची तपशीलवार पाहणी करून घेतली. या संस्थांचं खरं मोल आम्हाला त्यातच दिसतं. कुठली संस्था नीट चालते, कुठल्या भागात कशाची कमतरता आहे, कुणाचे हिशेब विस्कटलेत, हे ओळखणारी पगारी माणसं त्यांच्याकडे असतात. मोठ्या ब्रोकर कंपन्यांच्या धर्मादाय फंडांची फी कमी, साधारण ०.६ टक्के असते. कम्युनिटी फाउंडेशनची बहुधा १ टक्क्याच्या आसपास किंवा जास्त. तो फरक या माणसांच्या कामाचा. तुम्हाला त्यांचं ज्ञान नकोच असेल, तर जास्त फी देण्यात अर्थ नाही. शिष्यवृत्तीला मात्र ते हवंच हवं.

आता पैशांकडे येऊ. तुम्हाला शेअर देणं सर्वांत फायद्याचं वाटतंय, कारण सगळे तेच सांगतात. तुमच्या आकड्यांनी ढोबळ हिशेब मांडून बघू. वर्षाहून जास्त काळ ठेवलेले शेअर दिले तर बाजारभावाइतकी वजावट मिळते, पण एका वर्षी उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच. १,७०,०००च्या ३० टक्के म्हणजे ५१,०००. उरलेले ४९,००० पुढच्या वर्षी. (उरलेली वजावट पाच वर्षं पुढे नेता येते.) २०२६पासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच्या देणगीला वजावट नाही, म्हणजे तुमचे दरवर्षी ८५० डॉलर गेले. घरपट्टी आणि राज्याचा कर मिळून १२,००० धरले, तर पहिल्या वर्षी तुमच्या वजावटी ६२,१५० होतात. पण काहीच दान न करता तुम्हा दोघांना वयाच्या जादा रकमेसह प्रमाणित वजावट (खर्चाचा तपशील न देता सर्वांना मिळणारी ठरावीक वजावट) ३५,५०० मिळणारच आहे. म्हणजे खरा फायदा फक्त २६,६५०च्या वजावटीचा, आणि दुसऱ्या वर्षी २४,६५०चा. २२ टक्के दरानं दोन्ही वर्षांत मिळून सुमारे ११,३०० डॉलर कर वाचतो. शेअरच्या नफ्यावरचा करही टळतो हे खरं, पण तो मोजायचा कधी? तुम्ही ते शेअर विकणार असाल तेव्हाच.

आता आयआरए बघा. साडेसहा लाखांवर सरकारी तक्त्यातला ७३व्या वर्षीचा भाजक २६.५, म्हणजे सक्तीची वार्षिक उचल, जिला सगळे आरएमडी म्हणतात, सुमारे २४,५००. तिच्यावर पूर्ण कर लागतो. पण साडेसत्तर वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला आयआरएमधून थेट धर्मादाय संस्थेला पैसे पाठवता येतात. याला क्यूसीडी म्हणतात. ती रक्कम उत्पन्नात धरलीच जात नाही, आरएमडीत मात्र जमा होते, आणि प्रमाणित वजावट जशीच्या तशी हातात राहते. २०२५ची मर्यादा माणशी १,०८,००० डॉलर होती आणि ती दरवर्षी महागाईप्रमाणे वाढते. तुम्ही चार वर्षं २५,००० असे एक लाख दिले, तर २२ टक्के दरानं सुमारे २२,००० डॉलर कर वाचतो. शेअरच्या वाटेच्या जवळजवळ दुप्पट.

मुलांच्या बाजूनंही हेच बरं. तुमच्या पश्चात शेअर मुलांकडे गेले तर त्यांची खरेदी किंमत त्या दिवसाच्या बाजारभावावर येते आणि आजवरच्या नफ्यावरचा कर पुसला जातो. आयआरए मुलांकडे गेला तर मात्र पारंपरिक आयआरएमधल्या पैशांवर त्यांना कर भरावाच लागतो, आणि बहुतेक वेळा दहा वर्षांत खातं रिकामं करावं लागतं. म्हणून दान आयआरएमधून करा, शेअर घरात राहू द्या. पुढे आणखी काही ठेवायचं ठरलं, तर आयआरएच्या लाभार्थी अर्जात फाउंडेशनचं नाव ठरावीक टक्क्यांसह घाला. त्यासाठी मृत्युपत्र बदलावं लागत नाही. तो अर्ज मृत्युपत्राच्या वरचढ असतो.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यातली अडचण इथेच आहे. क्यूसीडी डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडात टाकता येत नाही. कायद्यानं ती वाट बंद आहे. सगळं त्या फंडातूनच करायचं ठरवलंत की तुमची सर्वांत चांगली वाट तुम्हीच बंद केलीत. कम्युनिटी फाउंडेशनमधल्या इतर प्रकारच्या निधींत क्यूसीडी चालते: एका ठरावीक संस्थेसाठीचा निधी, एका विषयासाठीचा निधी, संस्थेनं गरजेनुसार वापरायचा खुला निधी, आणि दात्याच्या ताब्याबाहेरच्या समितीनं चालवलेला शिष्यवृत्ती निधी. तरीही, 'हा निधी करकायद्यानुसार डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड नाही आणि आम्ही यात क्यूसीडी स्वीकारतो' हे फाउंडेशनकडून लेखी घ्या. फोनवरच्या 'हो, चालेल' वर जाऊ नका, कारण चूक झाली तर ती पूर्ण रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते.

शिष्यवृत्तीबद्दल दोन गोष्टी तुम्हाला आवडणार नाहीत, पण आताच ऐकलेल्या बऱ्या. एक, 'फक्त मराठी मुलांना' ही अट बहुतेक फाउंडेशन मान्य करणार नाहीत. लाभार्थ्यांचा गट पुरेसा मोठा आणि खुला लागतो. शिवाय मूळ देश किंवा वंश यावर आधारलेल्या अटीमुळे भेदभावाच्या दाव्याची जोखीम संस्थेवर येते. तुमच्या मनातला हेतू दुसऱ्या शब्दांत बसवता येतो: 'कायहोगा काउंटीतल्या सार्वजनिक शाळेतून बारावी झालेले, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणारे, घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारे विद्यार्थी.' यात मराठी मूल येतं आणि नेपाळी, युक्रेनियन, स्पॅनिश बोलणारंही येतं. ज्या बाईच्या नावानं हे करायचं, त्यांना ते खटकलं नसतं असं वाटतं. दोन, निवड तुमच्या हातात नसेल. समिती फाउंडेशन नेमते. तुम्ही तिच्यात एक सदस्य म्हणून बसू शकता का, ते संस्थेला विचारा, पण तुमचं आणि तुमच्या नातेवाइकांचं बहुमत किंवा नियंत्रण तिथे चालत नाही. तुमच्या नातवंडांना ही शिष्यवृत्ती मिळू शकत नाही, हेही घरात आताच सांगून ठेवा.

रकमेचं बोलू. कायमच्या निधीतून दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्के खर्चाला मिळतात, तेही गेल्या तीन ते पाच वर्षांच्या सरासरी मूल्यावर, म्हणजे बाजार पडला तरी शिष्यवृत्ती एकदम आटत नाही. एक लाखावर साडेचार टक्के धरले तर वर्षाला ४,५००. फी वेगळी. आता यातून चौघांना थोडे थोडे द्यायचे, की एकालाच चारही वर्षं? आम्ही एकालाच चारही वर्षं द्यायला सुचवू. पहिल्या वर्षी पैसे देऊन दुसऱ्या वर्षी हात काढला की मूल अडचणीत येतं. कॉलेज अर्ध्यात सोडण्याचं मोठं कारण पैसाच असतो. एका मुलाला चारही वर्षं साधारण ४,५०० मिळत राहिले, तर त्याला पुस्तकं, बस आणि फीतला उरलेला फरक निश्चिंतपणे भागवता येईल. चार वर्षांनी पुढचं मूल.

इथे बऱ्याच शिष्यवृत्त्यांचं एक नुकसान होतं. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढीच कमी करतात. मुलाच्या हातात एक डॉलरही जादा येत नाही. तुमचे पैसे कॉलेजच्या तिजोरीत गेले. म्हणून करारात दोन ओळी घाला: सरकारी आणि कॉलेजची मदत ठरल्यानंतर उरलेली गरज भागवण्यासाठी ही रक्कम आहे, आणि रक्कम देण्याआधी फाउंडेशननं कॉलेजकडून मदत कमी न करण्याचं लेखी घ्यावं, शक्य नसेल तर देण्याची वेळ किंवा वापर बदलावा. अनुभवी कार्यक्रम अधिकाऱ्याला हे लगेच समजतं. त्याला समजलं नाही, तर या संस्थेला शिष्यवृत्त्यांचा किती अनुभव आहे ते आणखी खोदून विचारा. पैसे शक्यतो कॉलेजला जातात, विद्यार्थ्याच्या खात्यात नाही. फी, पुस्तकं आणि अभ्यासक्रमाचं सक्तीचं साहित्य यावर गेलेली रक्कम पदवीच्या विद्यार्थ्याला करमुक्त असते, राहण्याजेवणावर गेलेली करपात्र. हे समितीनं त्या मुलांना पत्रातच कळवायला हवं.

फाउंडेशनला पहिल्याच भेटीत विचारा: शिष्यवृत्तीच्या निधीला किमान किती रक्कम लागते आणि ती किती वर्षांत भरता येते? (तुमच्या चार हप्त्यांसाठी हे महत्त्वाचं.) किमान रक्कम भरेपर्यंत वाटप थांबतं का? शिष्यवृत्तीच्या निधीची फी इतर निधींपेक्षा जास्त आहे का? अर्ज वाचणं, गुणपत्रिका मागवणं यात वेळ जातो, म्हणून ती बहुधा जास्त असते. खर्चाचा टक्का कोण ठरवतं आणि मूल्य मूळ देणगीच्या खाली गेलं तर वाटप होतं का? पहिल्या वाटपाला वर्षभर थांबायचं नसेल, तर सुरुवातीच्या हप्त्यातले ४,००० किंवा ५,००० 'लगेच खर्चाचे' म्हणून वेगळे ठेवता येतात का, तेही विचारा. आणि 'नॅशनल स्टँडर्ड्स'ची मान्यता आहे का? कम्युनिटी फाउंडेशनचा कारभार तपासून ती दिली जाते.

करारात हेतू लिहिताना एखाद्या शाळेचं नाव एकमेव म्हणून घालू नका. शाळा बंद होतात, एकमेकींत विलीन होतात. पहिली पसंती, दुसरी पसंती आणि त्यामागचा हेतू दोन-तीन वाक्यांत लिहा. मंडळाला पुढे वळण घ्यावं लागलं तर तीच वाक्यं त्यांना वाट दाखवतील. आईबद्दल एक परिच्छेदही द्या: त्या कुठल्या, किती शिकल्या, काय जमलं नाही. बऱ्याच संस्था तो शिष्यवृत्तीच्या माहितीत छापतात, आणि मूल तो वाचतं.

फूड बँकेचं सोपं आहे. ग्रेटर क्लीव्हलँड फूड बँक स्वतः नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. क्यूसीडी तिलाही चालते. वर्षाला १,००० किंवा २,००० थेट द्या. त्यावर फाउंडेशनची फी कशाला? चेकवर द्यायचं असेल तर २०२६पासून प्रमाणित वजावट घेणाऱ्या जोडप्यालाही २,०००पर्यंत रोख देणगीची वजावट मिळते, तीही डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडात टाकलेल्या पैशांवर मिळत नाही. मराठी मंडळाची देणगीही अशीच थेट. कुणी असा फंड आधीच उघडला असेल, तर त्यातून गणेशोत्सवाची तिकिटं, स्नेहभोजनाचं टेबल किंवा अधिवेशनाचं शुल्क भरू नये. दात्याला मोबदला मिळाला की दंडात्मक कर लागतो.

गावच्या शाळेचं वाचनालय. क्यूसीडी किंवा करवजावट हवी तर पैसे अमेरिकेतल्या नोंदणीकृत संस्थेकडेच जायला हवेत. तिथून भारतात पाठवताना त्या संस्थेला पैशांच्या वापराची कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते. फक्त 'पुढे पाठवा' म्हणून ती टपालपेटी होऊ शकत नाही. स्थानिक कम्युनिटी फाउंडेशनं सहसा त्यात पडत नाहीत. भारतात घेणाऱ्या ट्रस्टकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरतात. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो ट्रस्ट ते पैसे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, म्हणजे 'साताऱ्याच्या मोठ्या ट्रस्टला देऊ, तो गावच्या मंडळाला देईल' हेही बंद झालं. तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळांत स्वतः वाचनालयं चालवणारी, एफसीआरए असलेली संस्था आणि तिला पैसे देणारी अमेरिकेतली संस्था अशी जोडी शोधा, आणि तुमच्या गावाची शाळा त्यांच्या यादीत घेतील का ते विचारा. तुमच्यापैकी कुणाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. त्या वाटेनं गावच्या ट्रस्टला थेट देता येतं, फक्त इथली करसवलत विसरायची. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) मात्र भारतीय पासपोर्टच्या जागी चालत नाही. ओसीआयधारकानं भारतातल्या खात्यातून रुपयांत दिलं तरी ते विदेशी योगदानच.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी फाउंडेशनच्या देणगीदार विभागाला फोन, मग मसुदा, तो हिशेबनिसाला दाखवायचा, मग सही. त्यानंतरच आयआरए सांभाळणाऱ्या कंपनीचा क्यूसीडी अर्ज. चेक फाउंडेशनच्या नावानं हवा, तुमच्या नावानं आला तर ती क्यूसीडी राहत नाही. चेकवर निधीचं नाव लिहायला लावा. वर्षात आयआरएमधून पहिली उचल हीच असू द्या, कारण वर्षात आधी काढलेले पैसे आधी आरएमडीत धरले जातात, आणि घरी आणलेला डॉलर मागून क्यूसीडी करता येत नाही. आयआरएचं चेकबुक वापरणार असाल तर चेक ३१ डिसेंबरच्या आत वटला पाहिजे, म्हणून नोव्हेंबरच्या पुढे रेंगाळू नका. पैसे ४०१(के)मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात, असतील तर ते आधी आयआरएत आणावे लागतात, पण त्या वर्षीची ४०१(के)ची सक्तीची उचल आधी काढावी लागते. ती पुढे नेता येत नाही. फाउंडेशनच्या पोचपावतीत 'मोबदल्यात काहीही दिलेलं नाही' हे वाक्य हवं आणि ती विवरणपत्र भरण्याआधी हातात हवी. वर्षअखेरीच्या १०९९-आर वर (आयआरएमधल्या उचलीच्या कर-पत्रकावर) क्यूसीडी वेगळी दिसेलच असं नाही, तेव्हा हिशेबनिसाला तुम्हीच सांगा, नाहीतर पूर्ण रक्कम करपात्र म्हणून भरली जाईल. ही चूक दरवर्षी कित्येकांची होते.

काकूंचा स्वतःचा आयआरए असेल, तर त्यांना साडेसत्तर पूर्ण झाल्याच्या दिवसापासून, आरएमडी सुरू व्हायची वाट न पाहता, याच निधीत भर घालता येईल. करारात देणगीदार म्हणून दोघांची नावं आजच लिहा.